जीमॅटचा अभ्यास आणि एकशे सत्तर वर्षांचे वेळापत्रक

१८५४ च्या जानेवारीत केंब्रिजच्या सेनेट हाउसमध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा झाली. त्या वर्षी पहिला आला एडवर्ड राउथ आणि दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हो, तोच मॅक्सवेल, ज्याच्या समीकरणांनी आपल्यापैकी अनेकांची इंजिनिअरिंगची दोन सत्रे खाल्ली. राउथचे नाव त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. माझे पीएच.डी.चे काम कंट्रोल सिस्टिम्समधले, त्यामुळे स्थिरतेच्या राउथ कसोटीशी माझी जुनी ओळख. पण हा गृहस्थ पुढे तीसेक वर्षे केंब्रिजचा सर्वांत यशस्वी खाजगी शिकवणीवाला होता, हे मला अगदी अलीकडे कळले. आणि ते कळण्याचे कारण गणित नसून आमच्या घरातले एक वेळापत्रक आहे.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझी पत्नी पुण्याची बी.कॉम., सी.ए. लग्नानंतर २००९ साली ती एच-फोर व्हिसावर इथे आली. एच-फोरवर काम करायला तेव्हा बंदी होती. ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे अशांना काम करण्याची परवानगी मिळाली ती मे २०१५ पासून, आणि आमचा नंबर त्यानंतर वर्षभराने लागला. ऑडिट करणाऱ्या बाईने मधली सात वर्षे मंडळाचे हिशेब फुकट सांभाळण्यात घालवली (ते किती चोख होते, हे जुन्या कार्यकारिणीला आठवत असेल). नंतर तिने अर्धवेळ नोकऱ्या केल्या, पण मुलाखतीत प्रत्येक वेळी त्या सात वर्षांवर बोट ठेवले जाई. आता तिला संध्याकाळचे एमबीए करायचे आहे. जवळच्या विद्यापीठाने सांगितले की पदवीला इतकी वर्षे झाली असल्याने जीमॅटचा गुण पाहू, आणि तो चांगला असेल तर शिष्यवृत्तीचाही विचार करू. ती मिळाली तर शिक्षण झेपेल. न मिळाली तर मुलाच्या कॉलेजसाठी बाजूला काढलेल्या पैशाला हात लावावा लागेल, आणि तसे ती करणार नाही. म्हणजे परीक्षा अडीच तासांची असली, तरी तिच्यावर टांगलेले ओझे बरेच मोठे आहे.

अशा वेळी आपण काय करतो? चार लोकांना विचारतो. तिलाही चार उत्तरे मिळाली. एक म्हणाला तीन महिने रोज चार तास, दुसरा म्हणाला सुट्टी टाकून तीन आठवडे रगडा, तिसऱ्याने क्लासचे नाव सांगितले, आणि चौथा म्हणाला की बेचाळीसाव्या वर्षी कशाला? चौथ्याला आपण सोडून देऊ. पहिल्या तिघांपैकी बरोबर कोण, हे शोधता शोधता मी जो वाचत गेलो तो थेट १८५४ पर्यंत मागे गेलो. अभ्यास किती करावा यापेक्षा तो वेळेत कसा पेरावा, हा प्रश्न पुष्कळ जुना आहे आणि त्याला बऱ्यापैकी उत्तरेही आहेत. मंडळात निदान पाच-सहा घरांत सध्या हीच चर्चा चालू आहे असे कळते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम राउथ. केंब्रिजच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांवर ट्रायपॉस पास होत नसे; त्यासाठी खाजगी शिक्षक लागे. मॅक्सवेल आणि राउथ या दोघांचा शिक्षक विल्यम हॉपकिन्स त्यासाठीच प्रसिद्ध होता. राउथने ती गादी चालवली आणि सहाशेहून अधिक विद्यार्थी तयार केले. त्यातले सत्तावीस-अठ्ठावीस जण सीनियर रँग्लर झाले, म्हणजे आपापल्या वर्षी पहिले आले. त्याच्या पद्धतीत जादू काही नव्हती. लहान गट, आठवड्यातून ठरावीक तास, नव्या विषयाबरोबर जुन्याची उजळणी, आणि दर आठवड्याला सगळ्या विषयांतली मिसळ उदाहरणे असलेला एक पेपर. तपासलेले पेपर, गुणांची यादी आणि त्याची स्वतःची आदर्श उत्तरे सर्वांना पाहायला मिळत. विद्यार्थी सकाळी अभ्यास करीत, दुपारी वल्ही मारायला किंवा लांब फिरायला जात आणि संध्याकाळी पुन्हा बसत. व्यायाम हा वेळापत्रकाचाच भाग होता. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष तालमीत घालवल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिकडचे रँग्लरही त्याच जातीचे होते. याच परीक्षेत १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिल्या स्थानाचे मानकरी झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत कायमचा येऊन बसला.

त्याच १८५४ साली मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्या वशिल्याऐवजी स्पर्धा परीक्षेने भराव्यात, असा अहवाल दिला. समितीला एक भीती होती, ती म्हणजे घोकंपट्टीची. पुष्कळ विषयांचे वरवरचे ज्ञान गोळा करून येणाऱ्याला त्याचा फायदा होऊ नये, असे तिने बजावून ठेवले होते. १८५५ साली पहिली परीक्षा झाली, आणि पाठोपाठ लंडनमध्ये नेमके ते वरवरचे ज्ञान भरून देणारे क्लास निघाले. परीक्षा आधी की क्लास आधी, हा वाद तेव्हापासून कोंबडी आणि अंड्याचा आहे.

याच परीक्षेशी आपला एक धागा आहे. १८६९ साली ती चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. वयाची मर्यादा तोवर तेवीसवरून एकवीसवर आणली होती. बॅनर्जी आणि ठाकूर यांची वये जुळत नाहीत म्हणून त्यांची नावे यादीतून काढण्यात आली. कारण काय, तर आपल्याकडे वय सांगताना ‘सोळावे चालू’ म्हणायची पद्धत, आणि साहेब मोजणार पुरी झालेली वर्षे. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेले आणि शेवटी तो निर्णय फिरवावा लागला. वयाच्या कागदावरून माणसाच्या अभ्यासावर पाणी पडू शकते, हा अनुभव एकोणिसाव्या शतकातही आपल्या लोकांना होता. आमच्या घरात ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, “म्हणजे कागदपत्रांचं हे तेव्हापासूनच आहे तर.”

आता या कथेतला माझा सर्वांत आवडता माणूस. हर्मान एबिंगहाउस नावाचा एक जर्मन. याच्यापाशी प्रयोगशाळा नाही, विद्यार्थी नाहीत, अनुदान नाही. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली सुमारे दोन हजार तीनशे अक्षरजोडणी तयार केली, त्यांच्या माळा केल्या आणि घड्याळाच्या ठेक्यावर त्या पाठ करीत सुटला. एक माळ बिनचूक म्हणता येईपर्यंत किती वेळ लागला ते लिहायचे. काही काळाने तीच माळ पुन्हा पाठ करायची आणि या वेळी किती वेळ वाचला ते लिहायचे. जेवढी बचत, तेवढे ज्ञान डोक्यात शिल्लक. स्मरणासारखी निसटती गोष्ट मोजण्याची ही युक्ती इतकी साधी आहे की इंजिनिअरने टोपी काढावी. १८८५ साली त्याने आकडे छापले. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के बचत, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१.

हे आकडे जरा निरखून पाहा. पहिल्या तासाभरात निम्म्याहून अधिक गेले, पण सहाव्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत फक्त चार टक्क्यांची घट. विसरणे प्रथम कडेलोटासारखे असते आणि मग ते पठारावर येते. म्हणजे आज शिकलेले उद्या एकदा चाळले, तर ते सर्वांत मोठ्या घसरणीच्या वेळी सावरले जाते. याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे, जे तीन आठवडे रगडणाऱ्यांनी भिंतीवर लावावे. एकाच दिवशी लागोपाठ अडुसष्ट आवृत्त्या करून जो परिणाम साधला, तेवढाच तीन दिवसांत विभागलेल्या अडतीस आवृत्त्यांनी साधला. अडुसष्टच्या जागी अडतीस! कामात एवढी काटकसर कुठल्या सॉफ्टवेअरने करून दिली, तर आमची कंपनी त्यावर वर्षभर पार्ट्या देईल. आपल्याकडच्या वेदपाठशाळांत संथा आणि आवृत्तीची जी शिस्त आहे, तिच्यामागे हेच अनुभवाचे शहाणपण असणार असे मला वाटते. त्यांनी त्याचा आलेख काढला नाही एवढेच.

गंमत अशी की हे कळून एक शतक लोटले तरी फारसे कुणी ते पाळले नाही. त्याचे कारण १९७८ साली छापून आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सापडते. तिथल्या पोस्टाला पत्रे वर्गवारी करण्यासाठी टाइपरायटरसारखा कळफलक असलेली यंत्रे बसवायची होती आणि त्यासाठी पोस्टातल्या लोकांना टायपिंग शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे गट पाडले. एक गट दिवसाला एकच तास शिकणार. दुसऱ्या टोकाचा गट दिवसाला चार तास, दोन-दोन तासांच्या दोन बैठकींत. रोज तासभर शिकणाऱ्यांना कळफलक आत्मसात करायला सुमारे पस्तीस तास लागले, तर चार तासवाल्यांना सुमारे पन्नास. आता पुढे ऐका. सर्वांत नाखूष गट कोणता? रोज एक तासवाला. कारण तास कमी लागले तरी दिवस जास्त लागले, आणि शेजारचा गट आपल्या पुढे चालला आहे असे त्यांना रोज दिसत होते. चांगले वेळापत्रक पाळताना आपण मागे पडत आहोत असे वाटते, आणि वाईट वेळापत्रक पाळताना आपण भराभर पुढे चाललो आहोत असे वाटते. हा सापळा ज्याला कळला, त्याचा निम्मा अभ्यास झाला असे मी मानतो.

आता अटलांटिक ओलांडू. अमेरिकेत वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षा फोफावल्या त्या यंत्रामुळे. मिशिगनमधल्या रेनल्ड जॉन्सन नावाच्या शाळामास्तराला शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते हे हेरून उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र सुचले. ते आयबीएमने घेतले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘८०५’ या नावाने बाजारात आणले. हाच मास्तर पुढे आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेचा प्रमुख झाला आणि १९५६ साली त्याच्या चमूने जगातली पहिली हार्ड डिस्क बाहेर काढली. म्हणजे परीक्षा तपासून कंटाळलेल्या एका शिक्षकाचे आपल्या धंद्यावर केवढे उपकार!

युद्धानंतर प्रिन्स्टनला ईटीएस ही परीक्षासंस्था उभी राहिली. १९५३ साली नऊ बिझनेस स्कूल्स तिच्याबरोबर बसली. त्यांत हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो आणि नॉर्थवेस्टर्न होती. १९५४ साली पहिली परीक्षा झाली. राउथ-मॅक्सवेलच्या निकालाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. नाव होते लांबलचक, ‘अ‍ॅडमिशन टेस्ट फॉर ग्रॅज्युएट स्टडी इन बिझनेस’. पहिल्या वर्षी ती सुमारे दोन हजार वेळा दिली गेली. १९७६ साली तिचे जीमॅट झाले. तिची सत्ता अबाधित होती असे मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे दहा वर्षे हार्वर्डने जीमॅट मागणेच बंद केले होते, आणि २०२० च्या साथीनंतर अनेक शाळांनी अट सैल केली. पण ज्याच्या अर्जात मोठी पोकळी आहे, त्याला या गुणाचा आधार तेव्हाही होता आणि आजही आहे.

क्लासवाल्यांची कथाही इथेच येते. स्टॅन्ली कॅप्लन हा ब्रुकलिनचा मुलगा. १९३८ साली आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारले होते, आणि आपण ज्यू असणे व फुकट सरकारी कॉलेजात शिकणे ही त्याची कारणे आहेत, असे तो शेवटपर्यंत मानत आला. प्रमाणित परीक्षा ही बिनओळखीच्या माणसाला मोठ्या दारातून आत जाण्याची किल्ली आहे, अशी त्याची श्रद्धा होती. परीक्षा घेणारे म्हणत, आमची परीक्षा शिकवणीने वाढत नाही. कॅप्लन शिकवतच राहिला. १९७९ साली सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने तपास केला आणि शिकवणीने गुण काही प्रमाणात वाढू शकतात असे नोंदवले. याहून मोठी जाहिरात कोणती? १९८४ साली त्याने कंपनी वॉशिंग्टन पोस्टला विकली. क्लास लावावा की नाही याविषयी माझे मत विचाराल तर, क्लास जे विकतो त्यातला मोठा भाग वेळापत्रकच असतो. स्वतः ते पाळता येत असेल तर पैसे वाचवावेत, येत नसेल तर निःसंकोच भरावेत.

कागद-पेन्सिलीच्या जमान्यात जीमॅट वर्षातून मोजक्या ठरावीक दिवशी होई, त्यामुळे वेळापत्रक परीक्षाच ठरवी. १९९७ च्या ऑक्टोबरपासून ती संगणकावर आली आणि उमेदवाराप्रमाणे बदलू लागली. इथे मला थोडे थांबू द्या, कारण हा माझ्या आवडीचा भाग आहे. कल्पना अशी की उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाची कठीणता एकाच मोजपट्टीवर मांडायची. दोन्ही समान असतील तेव्हा उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. डेन्मार्कच्या गेऑर्ग राशने १९६० साली, आणि ईटीएसचा फ्रेडरिक लॉर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या ग्रंथात याचे गणित पक्के केले. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की ज्या प्रश्नाला आपण अर्ध्या वेळा चुकतो, त्या प्रश्नातून परीक्षकाला आपल्याविषयी सर्वांत जास्त माहिती मिळते. नाणेफेकीचा निकाल पाहिल्याशिवाय कळत नाही. सूर्य उद्या उगवला, तर त्यात नवी माहिती काही नाही. म्हणून संगणक हळूहळू आपल्याला आपल्या कुवतीच्या काठावर नेऊन उभा करतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो, तसे.

याचा अभ्यासाशी संबंध काय? एक तर, परीक्षा चालू असताना ‘फार कठीण जातेय’ असे वाटणे ही चांगली खूण असू शकते. घाबरायचे कारण नाही. दुसरे, सोपी शंभर उदाहरणे सोडवून मिळणारे समाधान निरुपयोगी. आणि तिसरे, एका प्रश्नावर सहा मिनिटे रुसून बसणाऱ्याला ही परीक्षा माफ करत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या स्वरूपात तीन विभाग आहेत, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटांचे: गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि माहिती-विश्लेषणाचे २०. म्हणजे प्रश्नाला साधारण दोन मिनिटे. निबंध गेला, वाक्यदुरुस्ती गेली, भूमितीही गेली. प्रत्येक विभागाच्या शेवटी तीनपर्यंत उत्तरे बदलता येतात. कॅल्क्युलेटर फक्त विश्लेषणाच्या विभागात मिळतो, गणितात नाही. इथे माझ्या सासूबाईंचे ऋण मानले पाहिजे. त्यांनी मुलीकडून लहानपणी तिसापर्यंतचे पाढे तर घोकून घेतलेच, वर पावकी, निमकी, पाउणकी आणि सवायकीही सोडली नाही. अपूर्णांक आले की आमच्याकडे अजून पाउणकीच्या चालीवर ओठ हलतात, आणि मी कागद शोधेपर्यंत उत्तर आलेले असते.

एक प्रयोग अजून सांगतो आणि मग वेळापत्रकाकडे वळतो. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना घनफळाची चार प्रकारची उदाहरणे शिकवली. एका गटाने एकेक प्रकार संपवून पुढे जायचे, दुसऱ्याने चारही प्रकार मिसळून सोडवायचे. सरावात पहिल्या गटाचे ८९ टक्के बरोबर, दुसऱ्याचे फक्त ६०. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तर पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ वर होता. कारण उघड आहे. परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. कोणते सूत्र लावायचे हे ओळखणे हेच अर्धे काम. राउथचा आठवड्याचा मिसळ पेपर आठवला ना? त्याला टक्केवारी ठाऊक नव्हती, पण हात बरोबर पडला होता.

आता आमच्या घरचे वेळापत्रक. ते तिने केले, मी फक्त वरची आकडेवारी पुरवली. मुदत सोळा आठवडे. सोमवार ते शुक्रवार पहाटे सव्वापाचला एक पंचेचाळीस मिनिटांची बैठक, कारण परीक्षेतला विभाग तेवढाच आहे आणि शरीराला त्या लांबीची सवय व्हावी. त्यानंतर पंधरा मिनिटे चुकांची. शनिवारी सकाळी अडीच तास: सराव परीक्षा असेल तर ती, नसेल तर मोठी मिसळ. रविवारी एकच तास उजळणी, आणि नंतर सक्तीची सुट्टी. आठवड्याला साडेआठ तास, एकूण एकशे छत्तीस. ऐकायला कमी वाटतात. पोस्टातल्या नाखूष गटाची आठवण ठेवून आम्ही ते वाढवलेले नाहीत.

पहिल्याच शनिवारी तिने अभ्यास न करता पूर्ण सराव परीक्षा दिली. अधिकृत संस्था दोन सराव परीक्षा विनामूल्य देते. त्यातली एक अशी सुरुवातीला खर्च करावी आणि दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखावी. आपण कुठे उभे आहोत हे न कळता आखलेले वेळापत्रक म्हणजे कंट्रोलच्या भाषेत सेन्सर नसलेले यंत्र. मात्र सेन्सर सतत वाचत बसूनही उपयोग नाही. जुन्या २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर एकाच माणसाच्या गुणात तीस-चाळीसचा फरक नुसत्या मोजमापाच्या त्रुटीने पडू शकतो असे मानले जाई. दर आठवड्याला परीक्षा दिली तर प्रगतीऐवजी हा खडखडाटच ऐकू येतो. म्हणून सराव परीक्षा पहिल्या, सातव्या, दहाव्या, तेराव्या आणि पंधराव्या आठवड्यात. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत पायाभूत गोष्टी, पण पहिल्या दिवसापासून विषय मिसळून: आज गणित तर उद्या भाषा, आणि प्रत्येक बैठकीत पाच प्रश्न मागच्या आठवड्यातले.

चुकांसाठी तिने झेबास्टियन लाइटनरची पद्धत घेतली आहे. या जर्मन पत्रकाराने १९७२ साली कार्डांची पेटी लोकप्रिय केली. आमच्याकडे पेटीऐवजी दह्याचे चार रिकामे डबे आहेत. भारतीय घरात त्यांची टंचाई कधीच नसते. चुकलेला प्रश्न कार्डावर लिहायचा: पुढे प्रश्न, मागे उत्तर नव्हे तर चूक का झाली त्याची एक ओळ. पहिला डबा दुसऱ्या दिवशी उघडायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने आणि चौथा तीन आठवड्यांनी. बरोबर आले तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकले तर परत पहिल्यात. एबिंगहाउसचा कडेलोट आणि पठार अशा रीतीने आमच्या ओट्यावर मांडून ठेवलेले आहे. त्या एका ओळीत गंमती सापडतात. महिन्याभराने तिने कार्डे मोजली तेव्हा गणित न आल्यामुळे झालेल्या चुका थोड्या निघाल्या. बऱ्याचशा घाईघाईत प्रश्न अर्धा वाचल्याच्या होत्या. सी.ए.ची सवय, आकडे दिसले की हात बेरजेला धावतो. विश्लेषण विभागातल्या ‘माहिती पुरेशी आहे का’ या प्रकारात तर उत्तर काढायचेच नसते, ते काढता येईल का एवढेच सांगायचे असते. तिला हा प्रकार सुरुवातीला अपमानास्पद वाटे. आता तो तिचा सर्वांत पक्का आहे, कारण शेवटी ऑडिटरचे काम तरी दुसरे काय असते?

घरातल्या इतरांनाही वेळापत्रक लागू झाले आहे, हे सांगितले पाहिजे. सव्वापाच ते सव्वासहा मिक्सर बंद. मुलाचा डबा मी भरतो. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती पुस्तकांत नसते: संसार असलेल्या माणसाचे वेळापत्रक एकट्याचे नसते. राउथचे रँग्लर अविवाहित तरुण होते, त्यांची जेवणे कॉलेजच्या खानावळीत होत आणि कपडे दुसरे कुणी धूत असे. दिवसाला चार तास सुचवणाऱ्यांनी आपल्या चार तासांत भांडी कोण घासत होते, तेही सांगत जावे.

सध्या अकरावा आठवडा चालू आहे. परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ठरवली आहे. विद्यापीठाची मुदत जानेवारीत संपते, त्यामुळे गरज पडल्यास दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते. नियमाप्रमाणे दोन प्रयत्नांत सोळा दिवसांचे अंतर लागते आणि बारा महिन्यांत पाच वेळा बसता येते. दुसरी वेळ आलीच तर ती तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरातल्या शनिवारी घेऊ असे तिने लिहून ठेवले आहे. त्याच शनिवारी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे आणि दीडशे माणसांच्या चिवड्याचे काम आमच्या घराकडे आहे. तो या वर्षी मी करणार आहे, ही गोष्ट कार्यकारिणीने आणि खाणाऱ्यांनी आताच लक्षात घ्यावी.